विंबल्डनचें अजिंक्यपद

अजिंक्य ह्या शब्दाचा अर्थ सरळ आहे. जो जिंकला जात नाहीं तो अजिंक्य. परंतु एखादा वीर जिंकला जात नाहीं ह्याचीं कारणें दोन असूं शकतात. तो खरोखरच सर्वांहून समर्थ असेल. किंवा त्याच्याशीं झुंजूं शकणारा त्याच्यापर्यंत पोंचलाच नसेल. ज्या किल्ल्याला कधीं वेढा पडला नाहीं त्याला अभेद्य म्हणावें काय, हा प्रश्न इतिहासांत जसा विचारावा लागतो तसाच तो खेळांतही विचारावा लागतो. इंग्लंडांत विंबल्डन येथें हिरवळीवर होणाऱ्या लॉन टेनिसच्या अजिंक्यपदाचा इतिहास म्हणजे ह्या एका प्रश्नाचें सुमारें नव्वद वर्षें चाललेलें उत्तर होय. तेथें कोणत्या सालीं कोण जिंकलें हें सांगणाऱ्या याद्या पुष्कळ आहेत. परंतु जिंकणें म्हणजे काय, ह्याविषयींची तेथील कल्पना कशी बदलत गेली, ही कथा त्या याद्यांच्या आड दडून राहते. आणि तीच अधिक उद्बोधक आहे.

विंबल्डन हें लंडनच्या नैर्ऋत्येस असलेलें उपनगर. १८६८ सालीं कांहीं सद्गृहस्थांनीं ‘क्रोके’ ह्या संथ खेळासाठीं एक क्लब स्थापन केला आणि वर्पल रोड ह्या रस्त्यालगत सुमारें चार एकरांचें मैदान भाड्यानें घेतलें. लवकरच क्रोकेची आवड ओसरूं लागली. इकडे १८७४ सालीं मेजर वॉल्टर विंगफील्ड नांवाच्या एका लष्करी अधिकाऱ्यानें हिरवळीवर खेळावयाच्या टेनिसचें पेटंट घेऊन जाळें, चेंडू आणि रॅकेटी ह्यांच्या पेट्या विकावयास आरंभ केला होता. क्लबनें १८७५ सालीं आपल्या हिरवळीचा एक तुकडा ह्या नव्या खेळास दिला, आणि १८७७ मध्यें तर आपल्या नांवांतच त्याचा समावेश केला. हिरवळ सपाट करणारा, घोड्यानें ओढावयाचा रूळ मोडला होता व त्याच्या दुरुस्तीस पैसे हवे होते, म्हणून त्या वर्षीं स्पर्धा भरविण्याचें ठरलें, अशी हकीकत परंपरेनें सांगितली जाते. ‘द फील्ड’ ह्या साप्ताहिकांत जाहिरात आली. स्पर्धा सर्व हौशी खेळाडूंस खुली होती. प्रवेशमूल्य एक गिनी होतें. आणि विजेत्यासाठीं त्या साप्ताहिकाच्या वतीनें पंचवीस गिनी किंमतीचा एक चांदीचा चषक ठेवण्यांत आला होता.

त्या जाहिरातींतील दोन गोष्टी पुढील कथेच्या दृष्टीनें महत्त्वाच्या आहेत. स्पर्धा ‘हौशी’ खेळाडूंसाठीं होती, ही पहिली. चषक ‘आव्हानाचा’ होता, ही दुसरी. ह्या दोन शब्दांपासून दोन कुंपणें निर्माण झालीं. त्यांपैकीं एक मोडावयास पंचेचाळीस वर्षें लागलीं आणि दुसरें मोडावयास एक्याण्णव.

हेन्री जोन्स, ज्यूलियन मार्शल आणि सी. जी. हीथकोट ह्या तिघांनीं नियम तयार केले. विंगफील्डचें कंबरेशीं बारीक होणारें कोर्ट टाकून देऊन त्यांनीं ७८ फूट लांब व २७ फूट रुंद असें आयताकृति कोर्ट आंखलें. एकेरी सामन्याचें कोर्ट आजही तेवढेंच आहे. बावीस खेळाडूंनीं नांवें दिलीं. अंतिम सामना सोमवारीं व्हावयाचा तो पावसामुळें गुरुवारीं, १९ जुलै रोजीं झाला. एकेक शिलिंग देऊन सुमारें दोनशें माणसें ओल्या हिरवळीभोंवतीं उभीं राहिलीं. स्पेन्सर गोर ह्या सत्तावीस वर्षांच्या क्रिकेटपटूनें विल्यम मार्शल याचा ६-१, ६-२, ६-४ असा पराभव केला. जाळ्याजवळ धांवून येऊन चेंडू जमिनीला लागण्यापूर्वींच तो परतविणें, ही गोरची युक्ति होती. मागें उभे राहून शांतपणें चेंडू टोलविणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांना तिचें उत्तर सुचलें नाहीं.

दुसऱ्या वर्षीं चषकाच्या ‘आव्हाना’चा अर्थ स्पष्ट झाला. चषक ज्याच्या हातीं आहे त्यानें इतरांबरोबर पहिल्या फेरीपासून खेळावयाचें नाहीं. इतरांनीं आपसांत झुंजावें, त्यांतून जो एक उरेल त्यानें गतवर्षींच्या विजेत्याला आव्हान द्यावें, आणि त्या एका सामन्यावर चषकाचा निकाल लागावा. आपल्याकडील जत्रेंतल्या कुस्त्यांचा फड ज्यांनीं पाहिला आहे त्यांस ही रीत सर्वस्वीं अपरिचित वाटणार नाहीं. लहान जोडी लागतात, माती उडते, दिवस कलतो. नामांकित मल्ल मात्र फेटा बांधून बसून असतो, कारण त्याची कुस्ती शेवटची. विंबल्डनच्या हिरवळीवर १८७८ पासून पुरुषांच्या एकेरी सामन्यांत ही प्रथा सुरू झाली. स्त्रियांसाठीं १८८४ सालीं स्पर्धा निघाली. त्या पहिल्या वर्षीं तेरा स्त्रिया खेळल्या, आणि मॉड वॉटसन हिनें अंतिम सामन्यांत आपल्याच बहिणीला, लिलियनला, जिंकलें. १८८६ पासून त्यांनाही हाच नियम लागूं झाला.

सिंहासनावर बसून राहिलेला पहिला राजा गोर हाच होता, आणि तो पहिल्याच आव्हानांत खालीं आला. त्याला जिंकणारा फ्रँक हॅडो हा सिलोनमधील कॉफीच्या मळ्याचा मालक. तो रजेवर स्वदेशीं आला असतां स्पर्धेंत उतरला. गोर जाळ्यापाशीं आला कीं हॅडो त्याच्या डोक्यावरून उंच चेंडू उडवी. ज्याला आज ‘लॉब’ म्हणतात त्या फटक्यानें गोरची सगळी विद्या निष्फळ केली. ७-५, ६-१, ९-७ असा तो सामना जिंकून हॅडो आपल्या मळ्यावर परत गेला, आणि १८७९ सालीं पद राखण्यासाठीं आलाच नाहीं! तेव्हां त्या वर्षींच्या स्पर्धेंतील विजेत्याला, जॉन हार्टली ह्या धर्मोपदेशकाला, आव्हान देण्यासाठीं समोर कोणी उरलें नाहीं. नियमाचा दोष असा तिसऱ्याच वर्षीं उघड झाला. जो हरला नाहीं त्याचें पद गेलें, आणि ज्यानें त्याला हरविलें नाहीं त्याला तें मिळालें.

तरीही ही प्रथा चालूं राहिली, कारण तिच्यांत एक प्रकारची भव्यता होती. एकीकडे वर्षभर मान भोगलेला वीर, दुसरीकडे दहा दिवसांच्या झुंजींतून वर आलेला उमेदवार. अशा सामन्याला जो रंग चढतो तो साध्या अंतिम सामन्यास सहजासहजीं चढत नाहीं. १८८० नंतरच्या दशकांत विल्यम आणि अर्नेस्ट ह्या रेनशॉ जुळ्या भावांनीं लोकांना वर्पल रोडकडे ओढून आणलें. विल्यमनें १८८१ पासून १८८६ पर्यंत सलग सहा वर्षें अजिंक्यपद आपल्याकडे ठेविलें, आणि १८८९ मध्यें सातव्यांदां मिळविलें. पुरुषांच्या एकेरी सामन्यांतील ही सलग सहा विजयांची बरोबरी आजपर्यंत कोणी करूं शकलेलें नाहीं. परंतु हें सांगत असतां दुसरेंही सांगितलें पाहिजे. ह्या सहांपैकीं पहिल्या वर्षीं विल्यमला सर्व फेऱ्या खेळाव्या लागल्या; पुढील पांच वर्षें त्याला दरवर्षीं एकेकच सामना जिंकावयाचा होता.

मग काय, हा नियम म्हणजे गादीवर बसलेल्याला दिलेली सवलत होती? सरसकट तसेंही म्हणतां येत नाहीं. पुरुषांच्या स्पर्धेंत १८७८ पासून १९२१ पर्यंत हा नियम होता. मधलीं १९१५ ते १९१८ हीं चार वर्षें महायुद्धामुळें वजा केलीं तर चाळीस स्पर्धा होतात. त्यांपैकीं सहा वेळां गतवर्षींचा विजेता पद राखण्यास उतरलाच नाहीं. उरलेल्या चौतीस आव्हानांत वीस वेळां जुना विजेता टिकला आणि चौदा वेळां आव्हान देणारा जिंकला. म्हणजे ताज्या दमाचा लाभ मोठा असला तरी त्याला एक उलट बाजूही होती. बसून राहिलेल्याचे पाय ताजे असत, पण डोळा आणि हात सामन्यांच्या सवयीनें तापलेले नसत. १९१४ सालीं हेंच दिसून आलें. न्यूझीलंडचा टोनी वाइल्डिंग हा १९१० पासून सलग चार वर्षें विजेता होता. ऑस्ट्रेलियाचा नॉर्मन ब्रुक्स, वय छत्तीस, ह्यानें आदल्या सामन्यांत जर्मनीच्या ओटो फ्रॉइट्सहाइमशीं पांच सेट झुंजून विजय मिळविला होता. थकलेला ब्रुक्स हरेल असें वाटावें. पण त्यानें विश्रांत वाइल्डिंगला ६-४, ६-४, ७-५ असें सरळ तीन सेटांत जिंकलें. दोघे मित्र होते, आणि डेव्हिस चषकासाठीं एकाच बाजूनें खेळत. त्याच उन्हाळ्यांत महायुद्ध पेटलें. आणि १९१५ च्या मे महिन्यांत वाइल्डिंग फ्रान्समधील रणभूमीवर पडला. त्याला तें पद परत मिळविण्याची संधि काळानें दिली नाहीं.

युद्धानंतरच्या पहिल्या स्पर्धेंत, १९१९ सालीं, स्त्रियांच्या आव्हानाच्या सामन्यानें ह्या प्रथेचें सर्व वैभव आणि सर्व वैगुण्य एकाच दुपारीं दाखवून दिलें. डोरोथिया लँबर्ट चेंबर्स ही सात वेळां विजेती झालेली इंग्रज स्त्री १९१३ पासून पदावर होती. चार वर्षें स्पर्धाच झाली नव्हती, त्यामुळें तिचें पद जसेंच्या तसें राहिलें होतें. आतां तिचें वय चाळीस होतें. समोर होती फ्रान्सची सुझान लेंग्लेन, वय वीस. सर्व फेऱ्या जिंकून आलेली, आखूड झग्यांत वाऱ्यासारखी फिरणारी. बादशहा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी सामना पाहण्यास आलीं होतीं. पहिला सेट लेंग्लेननें १०-८ असा घेतला, दुसरा चेंबर्सबाईंनीं ६-४ असा परत मिळविला. तिसऱ्यांत ६-५ वर असतां चेंबर्सबाईंना विजयासाठीं केवळ एक गुण हवा होता, आणि ती संधि त्यांना दोनदां मिळाली. दोन्ही वेळां ती निसटली. लेंग्लेननें तो सेट ९-७ असा जिंकला. चव्वेचाळीस गेमांचा तो सामना पुढें १९७० पर्यंत स्त्रियांच्या अंतिम सामन्यांत सर्वांत मोठा मानला गेला. प्रेक्षकांनीं तरुण विजेतीचा जयजयकार केला तसाच पराभूत स्त्रीचाही केला. पण एक प्रश्न मागें राहिलाच. चाळीस वर्षांच्या चेंबर्सबाईंना त्या शेवटच्या दुपारपर्यंत नियमानेंच आणून बसविलें होतें. तो सन्मान म्हणावा, कीं त्यांनीं स्वतःच्या बळानें तेथवर येऊन दाखविण्याची संधि त्यांच्यापासून हिरावून घेणें म्हणावें?

दोन वर्षांनीं त्याचें उत्तर मिळालें. १९२१ सालीं अमेरिकेचा बिल टिल्डेन हा गतवर्षींचा विजेता होता. तो त्या उन्हाळ्यांत आजारी पडला होता, आणि दुखण्यांतून पुरता उठण्यापूर्वींच त्याला पद राखण्यासाठीं यावें लागलें. दक्षिण आफ्रिकेच्या ब्रायन नॉर्टन ह्या तरुणानें सर्व फेऱ्या पार करून आव्हान दिलें होतें. पहिले दोन सेट नॉर्टननें ६-४, ६-२ असे जिंकले. मग टिल्डेननें ६-१, ६-० असे दोन घेतले. पांचव्यांत नॉर्टन विजयापासून एका गुणावर येऊन ठेपला. परंतु टिल्डेननें तो सेट ७-५ असा जिंकून अजिंक्यपद राखलें. सामना अविस्मरणीय झाला, ह्यांत शंका नाहीं. पण विचारी माणसांना दिसलें तें असें, कीं अंथरुणांतून उठून आलेला मनुष्य सात सामन्यांची वाट चालूं शकला नसता. त्याला एकच पायरी चढावयाची होती म्हणून तो वर राहिला. आणि नॉर्टन सगळा जिना चढून आला होता तरी तो खालीं राहिला.

अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेनें ही प्रथा १९१२ सालींच सोडून दिली होती. विंबल्डननें ती १९२२ सालीं रद्द केली. नॉर्टन-टिल्डेन सामना हा तेथील पुरुषांच्या आव्हानाचा शेवटचा सामना ठरला. त्याच वर्षीं क्लबनें वर्पल रोडचें मैदान सोडून चर्च रोडवरील नव्या विस्तीर्ण जागेंत स्थलांतर केलें. लेंग्लेनचा खेळ पाहण्यासाठीं येणाऱ्या गर्दीला जुनें मैदान अपुरें पडूं लागलें होतें. नव्या सेंटर कोर्टाभोंवतीं सुमारें चौदा हजार माणसांची सोय होती. २६ जून १९२२ रोजीं बादशहांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें, आणि पाऊस पडला नाहीं असा त्या स्पर्धेंत एकही दिवस गेला नाहीं.

नव्या मैदानावरील नव्या नियमाची परीक्षा लेंग्लेननेंच दिली. १९२० आणि १९२१ सालीं ती गादीवर बसून आव्हान स्वीकारणारी विजेती होती. १९२२ सालीं तिला इतर सर्व स्त्रियांप्रमाणें पहिल्या फेरीपासून उभें राहावें लागलें. ती अंतिम सामन्यापर्यंत आली आणि तेथें तिनें मोला मॅलरी हिला ६-२, ६-० असें हरविलें. १९२३ सालीं पुनः तसेंच झालें. आणि १९२५ सालीं तर एकेरीच्या सर्व सामन्यांत मिळून तिनें केवळ पांच गेम गमावले. जिची योग्यता खरी होती तिचें सवलत गेल्यानें कांहींच उणें झालें नाहीं. उलट तिच्या अजिंक्यपदाविषयीं कोणाच्या मनांत किंतु राहावयास जागा उरली नाहीं.

नव्या रीतीनें अंतिम सामन्याला जें दिलें तें १९२७ सालीं फ्रान्सच्या आंरी कोशे यानें दाखविलें. उपउपान्त्य फेरींत तो पहिले दोन सेट हरला आणि पुढचे तीन जिंकला. उपान्त्य फेरींत टिल्डेनविरुद्ध तो पहिले दोन सेट हरला, तिसऱ्यांत १-५ असा मागें होता, आणि तेथून त्यानें सामना फिरविला. अंतिम सामन्यांत आपलाच देशबंधु बोरोत्रा ह्याच्याविरुद्धही तो दोन सेटांनीं मागें पडला. बोरोत्राला विजयाची संधि अनेकदां आली आणि गेली. शेवटीं कोशेनें ७-५ असा पांचवा सेट जिंकला. तीन वेळां मरणाच्या दारांतून परत आलेला असा विजेता जुन्या रीतींत क्वचितच दिसला असता. त्याच वर्षीं विंबल्डनच्या सामन्यांचें वर्णन प्रथमच नभोवाणीवरून ऐकविण्यांत आलें. घरीं बसलेल्या श्रोत्यांनाही अंतिम सामन्यापूर्वींची वाट पावलापावलानें कळूं लागली.

नव्या नियमाचा आणखी एक अर्थ होता, आणि तो दूरदेशांतील खेळाडूंना अधिक लागूं पडणारा होता. नामांकित आणि नवखे आतां एकाच यादींत आले. १९३४ सालीं मुंबईच्या लीला राव ह्यांनीं विंबल्डनमध्यें पहिल्या फेरीचा सामना जिंकला. तेथें एकेरी सामना जिंकणाऱ्या त्या पहिल्या हिंदी स्त्री होत. संस्कृत काव्यासाठीं प्रसिद्ध असलेल्या, पुण्याच्या पंडित घराण्यांतील क्षमाबाई राव ह्यांच्या त्या कन्या. दुसऱ्या फेरींत त्यांचा पराभव झाला. परंतु त्या वर्षीं जी विजेती झाली त्या डोरोथी राउंड हिची वाटही त्याच यादींतून गेली होती. १९३९ सालीं गौस महंमद हे उपउपान्त्य फेरीपर्यंत गेले. १९६० आणि १९६१ सालीं रामनाथन कृष्णन् उपान्त्य फेरीपर्यंत पोंचले. पहिल्यांदां त्यांना नील फ्रेझरनें हरविलें, दुसऱ्यांदां रॉड लेव्हरनें, आणि त्या त्या वर्षीं तेच दोघे विजेते झाले.

येथवर एक कुंपण मोडल्याची कथा झाली. दुसरें कुंपण जाहिरातींतील ‘हौशी’ ह्या शब्दाचें. खेळून पैसा मिळविणारा तो धंदेवाईक, आणि त्याला विंबल्डनचें दार बंद. १८७७ च्या गृहस्थांना हा नियम स्वाभाविक वाटला असेल, कारण त्यांपैकीं बहुतेकांस उदरनिर्वाहाची चिंता नव्हती. परंतु खेळ जसा जगभर पसरला आणि प्रेक्षकांच्या पैशांनीं तिजोऱ्या भरूं लागल्या, तसा हा नियम गरीबाला जाचक आणि श्रीमंताला सोयीचा होत गेला. लेंग्लेन १९२६ सालीं धंदेवाईक झाली आणि तिच्यासाठीं विंबल्डन संपलें. फ्रेड पेरी हा मजूर चळवळींतील एका पार्लमेंट-सभासदाचा मुलगा. त्यानें १९३४, १९३५ आणि १९३६ अशीं तीन वर्षें, दरवर्षीं पहिल्या फेरीपासून खेळून, पद मिळविलें. आव्हानाची प्रथा गेल्यावर सलग तीनदां जिंकणारा तो पहिला पुरुष. १९३६ च्या अंतिम सामन्यांत त्यानें जर्मनीच्या फॉन क्रामला ६-१, ६-१, ६-० असें हरविलें. त्याच वर्षाच्या अखेरीस तो धंदेवाईक झाला, आणि ज्या हिरवळीवर त्यानें देशाला हा मान मिळवून दिला होता तिच्यावर स्पर्धेसाठीं पाय ठेवण्याचा त्याचा अधिकार गेला. त्याचा पुतळा त्या मैदानांत उभा राहिला तो १९८४ सालीं.

ह्या नियमाचा सर्वांत बोचरा स्पर्श कदाचित् ॲल्थिया गिब्सन हिला झाला असेल. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तींत वाढलेली ही निग्रो मुलगी १९५७ सालीं विंबल्डनची विजेती झाली. त्या पदावर येणारी आपल्या वंशाची ती पहिलीच व्यक्ति. राणी एलिझाबेथच्या हस्तें तिनें बक्षीस स्वीकारलें. पुढल्या वर्षीं पद राखलें. आणि लगेच हौशी टेनिस सोडलें. मानानें पोट भरत नाहीं हें तिला कळलें होतें. वर्णाचें कुंपण ओलांडून आलेल्या स्त्रीला पैशाच्या कुंपणानें थांबविलें.

१९५० ते १९६७ ह्या काळांत विंबल्डनचा विजेता म्हणजे जे हौशी राहिले होते त्यांतील विजेता, एवढाच अर्थ उरला. पांचो गोन्झालेझ एकवीस वर्षांचा असतां, १९४९ सालीं, धंदेवाईक झाला आणि जवळजवळ वीस वर्षें विंबल्डनला मुकला. केन रोझवॉल १९५४ आणि १९५६ सालीं अंतिम सामन्यांत हरला, मग धंदेवाईक झाला, आणि आपल्या उमेदीचीं वर्षें त्यानें भाड्याच्या सभागृहांत खेळून काढलीं. रॉड लेव्हरनें १९६१ व १९६२ सालीं पद जिंकलें आणि पुढील पांच वर्षें तो दाराबाहेर राहिला. पूर्वी अजिंक्यवीर स्वतः मैदानांत उतरत नसे. आतां अजिंक्य ठरूं शकतील अशांनाच मैदानांत उतरूं दिलें जात नव्हतें. दोष दिसण्यांत उलटा होता, पण मुळांत एकच होता. पद होतें, कसोटी अपुरी होती.

शेवटीं क्लबनेंच पुढाकार घेतला. १९६७ च्या ऑगस्टमध्यें सेंटर कोर्टावर आठ धंदेवाईक खेळाडूंची स्पर्धा भरविण्यांत आली. लेव्हरनें अंतिम सामन्यांत रोझवॉलला हरविलें, आणि प्रेक्षकांनीं भरलेल्या त्या मैदानावर कोणाला कशाची उणीव होती हें सर्वांस कळून चुकलें. डिसेंबरांत ब्रिटिश संघटनेनें हौशी व धंदेवाईक हा भेद काढून टाकण्याचा ठराव केला. १९६८ च्या मार्चमध्यें आंतरराष्ट्रीय संघटनेनेंही खुल्या स्पर्धांस मान्यता दिली. त्या उन्हाळ्यांत विंबल्डन प्रथमच सर्वांना खुलें झालें, आणि लेव्हर विजेता झाला. १९६२ नंतरचा त्याचा तेथील पहिलाच प्रवेश! १९६९ सालीं त्यानें पद पुनः राखलें. त्याच वर्षीं एकेचाळीस वर्षांच्या गोन्झालेझनें चार्ली पसारेल ह्या तरुणाशीं ११२ गेमांचा सामना दोन दिवस खेळून जिंकला. लोकांनीं तो पाहिला तेव्हां आपण वीस वर्षें काय गमावलें ह्याची मोजदाद त्यांना आपोआप झाली असेल. रोझवॉल मात्र १९७० सालीं आणि पुनः १९७४ सालीं, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षीं, अंतिम सामन्यापर्यंत आला आणि दोन्ही वेळां हरला. त्याचें नांव विजेत्यांच्या एकेरी यादींत कधींच लागलें नाहीं. मधलीं अकरा वर्षें दार उघडें असतें तर तें लागलें असतें किंवा नसतें. पण त्याला तें सिद्ध करण्याची संधि मिळाली असती.

पुढें १९७६ पासून १९८० पर्यंत स्वीडनच्या ब्योर्न बोर्गनें सलग पांच वर्षें पद राखलें. आंकड्यांनीं पाहिलें तर विल्यम रेनशॉच्या सहाहून हे एकानें कमी. परंतु बोर्गच्या पांच विजयांत पस्तीस सामने आहेत, आणि त्यांत जगांतील कोणालाही खेळण्याची मनाई नव्हती. १९८० सालचा त्याचा आणि जॉन मॅकेन्रोचा अंतिम सामना पांचव्या सेटांत ८-६ असा संपला. पुढल्याच वर्षीं मॅकेन्रोनें त्याला खालीं ओढलें. रेनशॉचा मोठेपणा ह्यानें कमी होत नाहीं. त्यानें आपल्या काळाच्या नियमांत जें करावयाचें तें पूर्ण केलें. परंतु दोघांचे आंकडे एकाच तराजूंत घालतां येत नाहींत, एवढें समजलें म्हणजे विंबल्डनचा इतिहास समजला.

आज विंबल्डनमध्यें एक रीत पाळली जाते. स्पर्धेच्या पहिल्या सोमवारीं सेंटर कोर्टावरील पहिला सामना पुरुषांच्या गतवर्षींच्या विजेत्याचा असतो. हिरवळ तेव्हां कोरी असते.  जो पूर्वी सर्वांच्या शेवटीं येई तो आतां सर्वांच्या आधीं येतो. कधीं कधीं तो पहिल्याच फेरींत हरतोही. १९६७ सालीं स्पेनचा मान्वेल सँताना हरला, २००३ सालीं ऑस्ट्रेलियाचा लेटन ह्यूइट हरला. जुन्या गृहस्थांना हा राजाचा अपमान वाटला असता. परंतु पहिल्या दिवशीं हरण्याचा धोका पत्करून जो शेवटच्या दिवसापर्यंत उभा राहतो, त्यालाच अजिंक्य हा शब्द शोभतो. आणि हें शिकावयास त्या हिरवळीला नव्वद वर्षें लागलीं.